करहेकाठचा माळ आणि एक फोटो

वाचकहो, पुण्याहून सासवडला जायचे म्हणजे दिवे घाट चढणे आले. हडपसर मागे पडले, वडकी आली, की डोंगर आडवा उभा राहतो. वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ हाच घाट चढतो आणि त्यासाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. तुमच्यापैकी कित्येकांनी तो चढ पायी चढलेला असेल. त्यांना त्याचे वर्णन मी काय सांगावे? पण वारीतला घाट वेगळा आणि आश्विनातला वेगळा. वारीच्या वेळी डोंगर नुकते कुठे हिरवे होऊ लागलेले असतात. दसरा उलटला की त्याच उतारावरचे गवत पिकून पिवळे होते, कुसळे धोतराला चिकटू लागतात, आणि खाली मस्तानी तलावाचे पाणी निवळून निळे दिसते. माथ्यावर आले की वारा बदलतो. पुण्याची धूळ आणि गर्दी घाटाखाली राहते आणि समोर पुरंदरचा मुलूख उघडतो.

हा मुलूख पाहायचा तर याच दिवसांत पाहावा असे माझे मत आहे. हस्ताचा पाऊस आटोपलेला असतो. बाजरी कापून खळ्यावर गेलेली किंवा जाण्याच्या बेतात असते. वाटाणा भाद्रपदातच उरकतो. दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूचे शेवटचे तोडे चाललेले असतात. रब्बीच्या ज्वारीचे कोंब नुकते ओळीत दिसू लागतात. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची रिकामी घरटी लोंबत असतात, आणि नांगरल्या वावरात शेपटी हलवत परीट पक्षी फिरू लागतात. ते आले म्हणजे थंडी मागोमाग येते असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगत.

आणि सीताफळ! सासवडच्या बाजारात या दिवसांत सकाळी पाट्यांच्या रांगा लागतात. ज्यांच्याकडे पाणी आहे ते उन्हाळ्यात झाडाला ताण देऊन मग पाणी सोडतात, त्यांचा माल आषाढ-श्रावणातच बाजारात येतो. पण पावसावरचे सीताफळ दसऱ्या-दिवाळीचे. फळाचे डोळे उघडले, फटींत पिवळसर पांढुरका रंग दिसू लागला, की ते तोडायचे. एक दिवस आधी तोडले तर फळ घट्ट राहून काळे पडते, आणि एक दिवस उशीर झाला तर पाखरे आपला वाटा घेऊन जातात. पुरंदरात हे झाड एवढे का रुजले याचे कारण साधे आहे. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा, आणि माळावर मोकाट शेरडे. सीताफळाच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. जिथे दुसरे झाड जगत नाही तिथे हे जगते.

तर अशा दिवसांत मला एका घरून निरोप आला. "दसऱ्याला सगळे गोळा होणार आहेत. कोजागिरीच्या आत शेतात फोटो काढायचाय. तुम्ही या."

या घराशी माझा तीस वर्षांचा परिचय आहे. गाव करहेच्या उत्तरेला, सासवड-जेजुरी रस्त्यापासून थोडे आत. नावे मी सांगत नाही. घरातल्या गोष्टी सांगायच्या तर नावे झाकलेलीच बरी. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणतात, धाकट्याला अण्णा. दोघांच्या मधली बहीण फलटणकडे दिली आहे, तिला घरातली पोरे आत्या म्हणतात म्हणून मीही आत्याच म्हणेन. आणि या तिघांची आई. त्यांचे वय विचारले की त्या म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात मला एक पोरगा आणि एक पोरगी होती, त्यावरून तुम्हीच काढा." त्या दुष्काळात आजींनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. सुकडी खाऊन दिवस काढले आहेत.

जमीन चार पिढ्यांची. खाली ओढ्याच्या बाजूला तीन-तीन एकरांचे दोन गट, मधोमध सामाईक विहीर, आणि वर चार एकरांचा माळ, त्यावर सीताफळ. माळावर उभे राहिले की समोर करहेचे खोरे आणि पलीकडे नैऋत्येला पुरंदर आणि वज्रगड ही जोडी दिसते. पुरंदरची उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास. १६६५ साली मोगलांशी लढताना मुरारबाजी तिथेच पडले आणि पुढे त्याच वर्षी तह झाला, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. संभाजी महाराजांचा जन्मही त्याच गडावरचा, १६५७ चा. त्या घरातल्या पोरांना हा गड म्हणजे इतिहास नव्हे. ढग गडाच्या कोणत्या बाजूने येतात त्यावरून पाऊस माळावर पोचणार की नाही हे ती सांगतात.

फोटोची कल्पना दादांच्या थोरल्या लेकीची. ती हडपसरला नोकरी करते. तिला घरात एक जुना फोटो सापडला होता. १९७४ च्या सुमारास जेजुरीच्या यात्रेत काढलेला. त्या काळी यात्रेत फोटोवाल्यांचे तंबू लागत आणि मागे रंगवलेला पडदा असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. या फोटोत आजोबा खुर्चीवर बसले आहेत, डोक्याला पटका, एका मांडीवर अण्णा, शेजारी दादा उभे. मागच्या पडद्यावर एक तळे, तळ्यात हंस, काठावर राजवाडा. दुष्काळ नुकता सरलेला, घरी विहिरीचे सुरुंग चाललेले, आणि फोटोत मात्र पाणीच पाणी!

नातीने विचारले, "आजी, यात तू कुठंय?"

"मी म्हशीपाशी. म्हैस व्यायला झालती."

"आणि आत्या?"

"ती माझ्याजवळ. बापाला दोन पोरं सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले असते, तिसरं कोण नेतंय?"

आजींनी हे हसत सांगितले. पण नंतर दोन दिवसांनी त्याच म्हणाल्या, की एकदा रानात सगळ्यांचा मिळून फोटो काढा. मंगल कार्यालयातला नको. लग्नाच्या फोटोत सगळे भाड्याच्या सिंहासनामागे उभे असतात, तसला नको.

येथे थोडे थांबून मला एक सांगायचे आहे, कारण ते तुमच्याही घरचे असण्याचा संभव आहे. खालचे दोन गट आजोबांनी हयातीतच वाटप करून दोन मुलांच्या नावे लावले. पण कागदावर जो गट दादांचा तो कसतात अण्णा, आणि अण्णांच्या नावचा कसतात दादा. एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हापासून असे घोळ गावोगाव आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याची योजना चांगली होती, पण नकाशावरची रेघ आणि रानातला बांध यांचे जुळले नाही की दोन पिढ्या भांडणात जातात. इथे तर भाऊच भाऊ. जोवर बाजरी पिकत होती तोवर कोणी उतारा पाहिला नाही. २०१६ साली तालुक्यात विमानतळाची घोषणा झाली. हे गाव त्या सात गावांत नाही, तरीही जमिनीचे भाव आणि जमिनीची काळजी दोन्ही एकदम वाढले. रस्त्याकडेला गुंठेवारीच्या पाट्या उभ्या राहिल्या. मग दोघांनी उतारे काढले, आणि गेली चार वर्षे दोन्ही घरांत जेवणखाण वेगळे, बोलणे कामापुरते. विहिरीचे पाणी मात्र पाळीपाळीने चालू आहे. पाण्याची पाळी कोणी मोडली नाही, हे मी दोघांच्याही बाजूने सांगेन.

वरच्या माळाचे आणखी निराळे. तो आजोबांनी स्वतःच्या नावावर ठेवला होता. ते गेल्यावर वारसनोंद झाली आणि उताऱ्यावर चार नावे आली: आजी, दादा, अण्णा आणि आत्या. आता कर्ज काढायचे झाले, ठिबकचे अनुदान घ्यायचे झाले, की फलटणहून आत्यांची सही लागते. कोणीतरी सल्ला दिला की बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे दर वेळची कटकट मिटेल. कागद तयारही झाला होता. त्यामुळे फोटोचा निरोप गेला तेव्हा आत्यांनी थोरल्या भावजयीला फोनवर विचारले, "वहिनी, खरं सांगा. फोटोला बोलावलंय का सहीला?"

वहिनींनी मला हे चुलीपुढे बसून सांगितले आणि म्हणाल्या, "मी काय उत्तर देणार? मला तरी कुठं ठाऊक होतं?"

आत्या आल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आल्या, बरोबर धाकटा मुलगा. दसऱ्याच्या रात्री घरातले पुरुष जेजुरीला गेले होते. जेजुरीचा दसरा तुम्ही पाहिला नसेल तर एकदा जरूर पाहा. गडावरची पालखी रात्री डोंगरात उतरते, कडेपठारच्या पालखीची भेट होते, आणि सकाळी गडावर बेचाळीस किलोचा खंडा उचलण्याची शर्यत लागते. कोणी तो एका हाताने तोलून धरतो, कोणी दातात धरून उचलतो. दादा आणि अण्णा एकाच जीपने गेले आणि एकाच जीपने आले. बोलले किती, हे मी विचारले नाही.

फोटोग्राफर सासवडचा एक तरुण होता. त्याचा मुख्य धंदा लग्नाआधीच्या जोडप्यांचे फोटो काढण्याचा. शहरातली पोरे-पोरी त्यासाठी गडाच्या पायथ्याला येतात. आदल्या संध्याकाळी तो जागा पाहायला आला. जागेवरून तिढा पडणार हे मला दिसतच होते. दादांचे म्हणणे, डाळिंबाच्या बागेपुढे काढू. अण्णांना वाटे, विहिरीपाशी, त्यांच्या कांद्याच्या रोपाकडे तोंड करून. ज्या बागेपुढे फोटो, त्या बागेचा मालक फोटोचा मालक! आजी ओसरीवर कडधान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वर माळावर काढा. तिथं चौघांची नावं हायेत."

त्यावर कोणी काही बोलले नाही.

फोटोग्राफरचे एक मात्र मला आवडले. त्याने जागेचा विचार उन्हावरून केला. माळावरून गड नैऋत्येला. गड मागे घ्यायचा तर माणसांनी ईशान्येकडे तोंड करून उभे राहायचे. म्हणजे सकाळचे ऊन त्यांच्या उजवीकडून, अंगावर तिरके पडणार. संध्याकाळी हाच फोटो काढला तर सूर्य गडाच्या बाजूला आणि सगळ्यांचे चेहरे काळे. तुम्ही घरच्या मोबाईलवर काढणार असाल तरी एवढे ध्यानात ठेवा. या दिवसांत सकाळी आठ-साडेआठपर्यंतचे ऊन मऊ असते. दहानंतर ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर आले की पटक्याची, पदराची सावली डोळ्यांवर पडते आणि सगळे डोळे मिचकावतात. ऊन तोंडावर थेट घेऊ नये, पाठीवरही घेऊ नये. आणि पांढरे शुभ्र नवे कपडे टाळावेत. उन्हात कपडेच दिसतात, माणूस दिसत नाही.

सकाळी साडेसहालाच सगळे माळावर निघाले. गवतावर दव इतके की चपला बाजूला काढून ठेवाव्या लागल्या. एक बाज दोघांनी उचलून वर नेली, आजींना बसायला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या निघाल्या होत्या, त्या वहिनींनी परत पाठवल्या. आजींनी इरकली लुगडे नेसले होते. अण्णांनी आपला खिलार बैल आणला. जोडीतला आता तो एकच उरला आहे. दादांच्या घरी ट्रॅक्टर आहे, तो मात्र कोणी वर आणला नाही. पोरांनी माळावर पोचताच सीताफळे चाचपायला सुरुवात केली.

चालता चालता दादांची लेक मला मोबाईलवर काही दाखवत होती. वाचकहो, तुम्हीही आता हे करत असाल. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहायचे, मोबाईलवर पिकाचे नाव भरायचे, फोटो काढायचा, आणि ती नोंद सातबाऱ्यात जायची. सात म्हणजे हक्काचा नमुना, बारा म्हणजे पिकांचा. पूर्वी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बांधावर यायचे किंवा चावडीतच बसून भरायचे. आता आपणच भरतो. तर या मुलीने चार वर्षांचे सगळे फोटो जपून ठेवले आहेत. सीताफळ, बाजरी, कांदा, ज्वारी, पुन्हा सीताफळ. हंगामामागून हंगाम. ती म्हणाली, "काका, आमच्या रानाचे फोटो ढीगभर आहेत. पण एकातही माणूस नाही."

सातबाऱ्याचेही काहीसे तसेच आहे. त्या कागदावर ज्यांची नावे आहेत ती रानातली सगळी माणसे नव्हेत. या घरच्या दोन्ही सुनांनी पस्तीस आणि सव्वीस वर्षे या जमिनीत खुरपणी केली, वाटाणा तोडला, रात्री-बेरात्री पाण्याला उभ्या राहिल्या. एकीचेही नाव कुठल्या गटात नाही. आत्यांचे आहे, तेही बाप गेल्यावर वारस म्हणून. मुलींबद्दल कायदा आता स्पष्ट आहे. १९९४ साली आपल्या राज्याने, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशाने, हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माचा हक्क दिला. वडील २००५ साली हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. कायदा एवढा चालत आला. पण बहिणीने हक्क मागितला की तिचे माहेर तुटते ही भीती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, आणि तिच्याच जोरावर निम्म्या हक्कसोडी होतात, असे मी उघडपणे म्हणतो. ज्यांना राग येईल त्यांनी आपल्या घरची सही आठवून पाहावी.

असो. माळावर सूर्य चांगला हातभर वर आला. फोटोग्राफर माणसे लावू लागला. मध्ये बाजेवर आजी. दादा डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले, अण्णा उजव्या टोकाला, बैलाचा कासरा धरून. दोन्ही जावा आपापल्या नवऱ्याच्या बाजूला. नातवंडे खाली गवतावर. आत्या पार मागे, थोरल्या वहिनींच्या खांद्याआड, निम्म्या दिसतील अशा.

फोटोग्राफरने डोळा लावला आणि तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब रे बाबा." मग वळून, "अगं, पाव्हणीसारखी कडंला काय उभी राहतेस? इकडं माझ्यापाशी बस."

आत्या पुढे आल्या आणि बाजेवर आईच्या उजव्या हाताला बसल्या. बसताना त्यांनी पदर सारखा केला आणि एकदा दादांकडे पाहिले. दादा गडाकडे बघत होते.

एवढ्यावर आजींचे समाधान झाले नाही. खालच्या बाजूला एक जोडपे सीताफळे तोडत होते. गेली पंधरा-वीस वर्षे हंगामात तेच दोघे तोडणीला येतात. त्यांची स्वतःची जमीन नाही. आजींनी त्यांना हाक मारली. ती बाई लाजली. "आमचं काय काम आजी फोटूत?" तर आजी म्हणाल्या, "सीताफळं कोण तोडतं मग, फोटोवाला?" ती दोघे आली, पाटीसकट आली. पाटीत पन्नासेक फळे, वर पाने झाकलेली. फोटोग्राफरला ती पाटी फारच आवडली. त्याने ती पुढे ठेवायला सांगितली.

आता दोन्ही टोके इतकी लांब गेली की फोटोत मावेनात. फोटोग्राफर मागे मागे सरकला. त्याच्या पाठीशी बाभळीचे कुंपण होते, ते आले. मग तो म्हणाला, "दोन्ही काकांनी जरा आत यायचं." दोघे एकेक पाऊल आत आले. "अजून." पुन्हा एकेक पाऊल. बैल यायला तयार नव्हता, अण्णांनी कासरा सोडून दिला. शेवटी बाजेच्या मागे, आईच्या दोन खांद्यांमागे दोघे भाऊ उभे राहिले. मध्ये हातभर जागा होती. तेवढी राहिली. फोटो निघाला.

पाच-सहा फोटो काढले. एकात आजी हसल्या नाहीत, एकात धाकट्या नातवाने सीताफळ फोडले, एकात बैलाचे फक्त शिंग आहे. मग पोरांनी मोबाईलवर आपले आपण काढून घेतले आणि सगळे जमिनीवर बसून भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. दोन्ही घरांच्या भाकऱ्या एकाच फडक्यात बांधून आल्या होत्या. हे जावांनी परस्पर ठरवले असावे.

जेवणे झाल्यावर मी दादांना आणि अण्णांना एकत्रच 'सलोखा' योजनेबद्दल सांगितले; तुम्हालाही सांगून ठेवतो. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असे बारा वर्षांहून जास्त चालत आले असेल, तर दोघांच्या संमतीने कागदावरची अदलाबदल करून घेण्यासाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ही योजना काढली. मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी शुल्क एक हजार रुपये. जागेवर पंचनामा होतो. योजनेला मुदत असते, तेव्हा ती चालू आहे का हे आधी सजामध्ये विचारावे. कोर्टात जाण्यापेक्षा हे स्वस्त. फक्त दोघांची संमती पाहिजे. दादांनी ऐकले आणि विहिरीच्या मोटरीबद्दल काही विचारले. अण्णा म्हणाले, "बघू." शेतकऱ्याच्या तोंडच्या 'बघू'चे किती अर्थ होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आत्या तिसऱ्या दिवशी परत निघाल्या. त्यांच्याबरोबर एक पाटी सीताफळ दिले, थोडे कच्चे निवडून, प्रवासात पिकेल असे. कागद निघाला नाही. तो ट्रंकेत आहे. पुढे निघेलही.

फोटो दिवाळीनंतर छापून आले. आणि छापलेच पाहिजेत बरे का! मोबाईल पाण्यात पडतो, बिघडतो, बदलला जातो. त्यातले फोटो त्याच्याबरोबर जातात. जेजुरीचा तो काळा-पांढरा फोटो पन्नास वर्षे टिकला, पण त्याच घरातले १९८५-९० चे रंगीत फोटो तांबूस पडले आहेत, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये लावलेले तर निघतच नाहीत. फोटो भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावा. काचेला थेट चिकटू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची कड असावी. मागच्या बाजूला नावे, तिथी आणि जागा लिहावी, आणि ती शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई कालांतराने पुढे उमटते. गट नंबरही लिहावा. नातवंडांना चेहरा ओळखता आला तरी जागा ओळखता येत नाही.

या घरी सहा प्रती केल्या. आजींची एक, दोन भावांच्या दोन, आत्यांची एक, तोडणीच्या जोडप्याची एक, आणि एक मला मिळाली. नावे लिहायचे काम नातीकडे होते. आजींनी सांगितले त्या क्रमाने तिने लिहिले, दोन्ही आयांची नावे लिहिली, तोडणीवाल्या बाईचे नाव विचारून लिहिले, आणि आत्यांपाशी अडली. आत्यांचे माहेरचे नाव लिहायचे की सासरचे? फलटणला फोन लावला. आत्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "जागा हाय का मागं?"

"आहे की."

"मग दोन्ही लिही."